नारा ड्रीमलँड: डिस्नेलँडची कॉपी 45 वर्षं चालली कशी आणि मग बुडाली कशी

जपानमध्ये नारा नावाचं शहर आहे. आपल्याकडे टोकियो, ओसाका, क्योटो लोकांना माहिती असतात, नारा त्या मानाने कमी, पण आठव्या शतकात क्योटोच्याही आधी जपानची राजधानी तिथे होती. तोदाइजी नावाच्या देवळात बुद्धाची सुमारे 15 मीटर उंच ब्राँझची मूर्ती आहे, रस्त्यावर हरणं मोकळी फिरतात आणि बिस्किटासाठी टुरिस्टच्या पिशव्या ओढतात. आता अशा गावात, त्या देवळापासून थोड्याच अंतरावरच्या टेकडीवर, परीकथेतला राजवाडा, त्याच्यासमोर जुन्या अमेरिकन गावासारखा रस्ता, बाजूला बर्फाच्छादित स्विस डोंगराची सिमेंटची प्रतिकृती आणि त्या डोंगराच्या पोटातून सुटणारी घसरगाडी, हे सगळं कोणी आणि का बांधलं असेल? आणि बांधलं ते बांधलं, 45 वर्षं चाललं, मग बंद पडलं, आणि बंद पडल्यावर पुढची दहा वर्षं तसंच गंजत उभं राहिलं.

यूट्यूबवर नारा ड्रीमलँड टाकलं की शंभर व्हिडिओ येतात, वेलींनी गिळलेला रोलरकोस्टर, धूळ बसलेले कॅरोसेलचे घोडे, भुताटकीचं म्युझिक. ते व्हिडिओ बघायला मजा येते पण त्यातून कळत काहीच नाही, कारण पार्क भुतांमुळे बंद पडत नाही, हिशोबामुळे पडतं. तो हिशोब एकदा समजला की कुठल्याही थीम पार्कची तब्येत लांबूनही बऱ्यापैकी ओळखता येते, म्हणून हा लेख.

सुरुवात माणसापासून करू. कुनिझो मात्सुओ हे नाट्यव्यवसायातले गृहस्थ, काबुकी म्हणजे जपानी पारंपरिक नाटकं चालवणारे, थिएटरं बांधणारे. ओसाकामधलं शिन काबुकिझा हे थिएटर 1958 मध्ये उभं राहिलं ते त्यांच्याच काळात. म्हणजे लोकांना तिकीट काढून आत कसं आणायचं आणि आत आल्यावर खूश कसं करायचं हे ज्यांच्या रक्तात आहे असा माणूस. 1955 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाला डिस्नेलँड सुरू झालं, मात्सुओ अमेरिकेला गेले तेव्हा ते त्यांनी पाहिलं आणि अक्षरशः वेडे झाले. हे जपानमध्ये पाहिजेच, असं डोक्यात घेऊन परत आले.

डिस्नेशी बोलणी झाली, सुरुवातीला मदतही मिळाली असं सांगतात, पण गाडी अडली ती लायसन्स फीवर. डिस्नेचं नाव, मिकी माऊस आणि बाकी सगळी कॅरेक्टर्स वापरायची तर रॉयल्टी द्या, आणि तो आकडा मात्सुओंना परवडेना किंवा पटेना. बोलणी फिसकटली. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता, यांनी काय केलं तर डिस्नेची कॅरेक्टर्स वगळली आणि बाकी पार्क जवळपास तसंच्या तसं बांधलं. 1 जुलै 1961 ला नारा ड्रीमलँड सुरू झालं. आत शिरताना रेल्वे स्टेशन, त्याच्याखालून मेन स्ट्रीट, समोर राजवाडा, पार्कला वळसा घालणारी आगगाडी, मोनोरेल, जंगलातली बोट, तो स्विस डोंगर. मिकीच्या जागी रान-चान आणि दोरी-चान अशी दोन स्वतःची मुलं तयार केली, ब्रिटिश राजवाड्याच्या पहारेकऱ्यांसारखा लाल कोट आणि उंच काळी टोपी घातलेली.

इथे पहिला प्रश्न येतो, की बाबा हे असं चालतं का? कोणी केस नाही टाकली? कायद्याची भानगड थोडक्यात अशी की कल्पना कोणाच्या मालकीची नसते. राजवाडा, जुन्या गावाचा रस्ता, डोंगरातून जाणारी गाडी, पार्कचे वेगवेगळे विभाग पाडायचे ही पद्धत, यावर कोणी हक्क सांगू शकत नाही. मिकीचं चित्र, त्याचं नाव, कंपनीचा लोगो, सिनेमातली ठरावीक पात्रं हे मात्र मालकीचं असतं, ते उचललं की कोर्टाची पायरी चढावी लागते. मात्सुओंनी नेमकं एवढंच सोडलं आणि बाकी सगळं घेतलं. नीतीने बघाल तर चोरी म्हणाल, कायद्याने बघाल तर धूसर. मला विचाराल तर कायद्यापेक्षा धंद्याच्या बाजूने हा निर्णय जास्त महागात पडला, कारण जे सोडलं तीच खरी कमाईची वस्तू होती. राजवाडा एकदा बघून होतो, पण मिकीसाठी पोरं दहा वेळा हट्ट करतात, त्याचा टीशर्ट घेतात, त्याच्या कानांची टोपी घालून फिरतात. रान-चानची टोपी घालून शाळेत मिरवावं असं कुठल्या पोराला वाटणार?

तरी पार्क चाललं, आणि जोरात चाललं. का? तर वेळ जबरदस्त साधली होती. 1960 मध्ये जपानच्या सरकारने दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करायची योजना आणली, लोकांच्या हातात पैसा येत होता, टीव्ही आणि फ्रीज घरोघरी पोचत होते, आणि युद्धानंतर 1947 ते 49 मध्ये जी प्रचंड संख्येने मुलं जन्मली ती आता बारा-चौदा वर्षांची झाली होती. नारा हे देवळांचं गाव असल्यामुळे देशभरातल्या शाळांच्या सहली तिथे येतच होत्या, म्हणजे गिऱ्हाईक दारातच उभं. बुद्ध बघून झाला की मुलांना राजवाडा दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण, जे फारसं कोणी सांगत नाही, ते म्हणजे सामान्य जपानी माणसाला तेव्हा फिरायला परदेशी जायची परवानगीच नव्हती. परकीय चलनाची टंचाई होती म्हणून सरकारने डॉलर धरून ठेवले होते, धंद्यासाठी किंवा शिक्षणासाठी जाता यायचं, सहलीला नाही. ही बंदी उठली 1 एप्रिल 1964 ला. म्हणजे पार्क सुरू झालं तेव्हा कॅलिफोर्नियाचं खरं डिस्नेलँड बघणं कायद्यानेच शक्य नव्हतं, आणि बंदी उठल्यावरही डॉलरला 360 येन असा भाव होता, कुठला मध्यमवर्गीय माणूस चार जणांचं कुटुंब घेऊन अमेरिकेला जाणार. त्यामुळे नक्कल असली तरी तुलना करायला असल माल कोणी बघितलाच नव्हता. ऐन भरात वर्षाला 16 लाखांच्या आसपास लोक यायचे.

यश मिळालं की माणूस दुसरं दुकान काढतो. मात्सुओंनी 1964 मध्ये टोकियोजवळ योकोहामाला दुसरं ड्रीमलँड काढलं. ते स्टेशनपासून लांब होतं आणि रस्ता अरुंद, सुट्टीच्या दिवशी ट्रॅफिकचा बोजवारा, म्हणून ओफुना स्टेशन ते पार्क अशी पाच-सव्वापाच किलोमीटरची स्वतःची मोनोरेल बांधली. 1966 च्या मे महिन्यात सुरू झाली. आता ही गोष्ट जरा नीट बघण्यासारखी आहे. गाड्या तयार होऊन आल्या त्या डिझाइनमध्ये धरलेल्या वजनापेक्षा जड निघाल्या, रूळ टाकलेला काँक्रीटचा बीम तेवढं वजन पेलायला बनवलेलाच नव्हता, त्यात टेकड्यांचा चढउतार. बीमला तडे गेले. 1967 च्या सप्टेंबरमध्ये गाडी थांबवली, जेमतेम सव्वा वर्ष चालून. मग बांधणाऱ्या कंपनीशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी, परत सुरू करू परत सुरू करू अशा घोषणा, आणि खांब तसेच रस्त्याच्या कडेला उभे. कागदोपत्री ती लाइन रद्द झाली 2003 साली, म्हणजे पार्क बंद होऊन वर्ष उलटल्यावर. एवढा पैसा घालून बांधलेली वस्तू सव्वा वर्ष कमावते आणि पुढची 35 वर्षं नुसती डोक्यावर बसते, हे थीम पार्कच्या धंद्यात किती सहज होऊ शकतं बघा.

दुसरा फटका पार्कच्या बाहेरून आला. 13 मे 1972 ला ओसाकामधल्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरला रात्री आग लागली, वरच्या मजल्यावरच्या कॅबरेमधले लोक धुरात अडकले, 118 जण गेले. जपानच्या युद्धोत्तर काळातल्या सगळ्यात भीषण बिल्डिंग आगींपैकी ही एक. ती बिल्डिंग मात्सुओंच्या ड्रीम कंपनीची, म्हणजे पार्क चालवणाऱ्याच कंपनीची होती. नुकसानभरपाई, खटले, बदनामी, सगळं त्याच कंपनीच्या माथी. म्हणजे नाऱ्याचं पार्क नफ्यात असलं तरी त्याचा पैसा पार्कमध्येच परत जाईल अशी परिस्थिती राहिली नाही.

आणि पैसा परत जाणं का महत्त्वाचं, इथे आता हिशोबाकडे वळू.

थीम पार्क म्हणजे लग्नाच्या हॉलसारखं. पन्नास पाहुणे आले काय आणि पाचशे आले काय, हॉलचं भाडं, लाइट, मांडव, वाजंत्री तेवढंच. पार्कमध्ये गाडीत दोन माणसं बसलेली असोत किंवा चोवीस, गाडी चालवायला ऑपरेटर तेवढेच लागतात, वीज जवळपास तेवढीच, सकाळी पार्क उघडायच्या आधी बोल्ट तपासणारा मेकॅनिक तोच, झाडांना पाणी तेच, विमा तोच, जागेचा टॅक्स तोच. याला फिक्स्ड कॉस्ट म्हणतात आणि पार्कच्या एकूण खर्चात याचाच वाटा प्रचंड असतो.

समजायला सोपे आकडे घेऊ, हे माझे आहेत, नाऱ्याचे नाहीत. समजा पार्क चालवायला वर्षाला 40 कोटी लागतात आणि एक माणूस तिकीट, वडापाव, पार्किंग सगळं धरून 500 रुपये सोडून जातो. 16 लाख लोक आले तर 80 कोटी जमले, 40 खर्च, 40 उरले, मालक खूश. आता लोक निम्मे झाले, 8 लाख. 40 कोटी जमले, 40 खर्च, हातात शून्य. म्हणजे लोक निम्मे झाले तर नफा निम्मा नाही झाला, सगळाच गेला. अजून निम्मे झाले, 4 लाख, तर जमले 20, खर्च 40, वर्षाला 20 कोटींचा खड्डा. गर्दी असताना हा धंदा नोटा छापतो आणि गर्दी हटली की त्याच वेगाने गळतो, मधली सावकाश उतरण फार कमी असते.

दुसरा मुद्दा परत येणाऱ्या लोकांचा. पार्कच्या आसपास दोन-अडीच तासांच्या अंतरात जेवढी माणसं राहतात तेवढंच त्याचं रोजचं गिऱ्हाईक, त्याला इंडस्ट्रीत कॅचमेंट म्हणतात. पहिल्या चार-पाच वर्षांत हे सगळे एकदा येऊन जातात. मग? मग त्यांना परत आणायला काहीतरी नवीन दाखवावं लागतं, दर दोन-तीन वर्षांनी एखादी मोठी राइड, दरवर्षी थोडी रंगरंगोटी, सणाला नवीन परेड. म्हणजे नफ्यातला मोठा हिस्सा दरवर्षी परत जमिनीत गाडावा लागतो, नुसतं आहे तिथे राहण्यासाठी. जो मालक म्हणतो की पार्क बांधून झालं आता बसून खाऊ, त्याचं पार्क त्या दिवसापासून म्हातारं व्हायला लागतं. आणि राइड काही साधी वस्तू नाही, लोखंड आहे, उन्हापावसात उभं असतं, वीस वर्षांनी मेंटेनन्सचा खर्च चढायला लागतो, म्हणजे उत्पन्न कमी होत असताना खर्च वाढतो.

आता हे सगळं डोक्यात ठेवून 1983 कडे या. 15 एप्रिल 1983 ला टोकियोजवळ उरायासुमध्ये टोकियो डिस्नेलँड सुरू झालं. गंमत बघा, ते डिस्नेने स्वतःच्या पैशाने नाही बांधलं, ओरिएंटल लँड नावाच्या जपानी कंपनीने बांधलं, मालकी तिचीच, आणि डिस्नेला रॉयल्टी द्यायची, तिकिटांवर 10 टक्के आणि खाण्यापिण्यावर, वस्तूंवर 5 टक्के. म्हणजे मात्सुओंनी वीस वर्षांपूर्वी जी फी नाकारली तशीच फी दुसऱ्या जपानी कंपनीने मुकाट्याने कबूल केली. त्या वेळी लोक म्हणायचे ओरिएंटल लँड लुटली गेली. पहिल्या वर्षात एक कोटीच्या आसपास लोक आले. तिकिटाच्या शंभर येनातले दहा दिले तरी नव्वद उरतात, आणि लोक सहापट-सातपट येत असतील तर दहा टक्क्यांचं रडगाणं कशाला? मला वाटतं या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महागडा आकडा हाच, न दिलेली रॉयल्टी.

नाऱ्यापासून टोकियो डिस्नेलँड साडेचारशे-पाचशे किलोमीटरवर. तरी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्ध्या दिवसात पोचता येतं. म्हणजे रोजचं गिऱ्हाईक लगेच गेलं नाही, पण इज्जत गेली. तोपर्यंत नारा ड्रीमलँड म्हणजे ड्रीमलँड होतं, आता ते डिस्नेलँडची नक्कल झालं. पार्कमध्ये एक वीटही हललेली नव्हती पण बघणाऱ्याची नजर बदलली. ज्या पोराच्या वर्गातला मित्र टोकियोला जाऊन मिकीबरोबर फोटो काढून आलाय, त्याला रान-चानकडे नेलं तर ते तोंड फिरवणारच. शाळांच्या सहलींचंही हळूहळू तेच झालं, बस आणि हॉटेलचं जमत असेल तर मुलं टोकियोच मागणार.

आणि अगदी याच वेळी मात्सुओ गेले, 1984 च्या पहिल्याच दिवशी. ज्याला पार्कचं वेड होतं तो माणूस गेला आणि मागे कंपनीत घरच्यांची आणि संचालकांची ओढाताण सुरू झाली. ऐंशीच्या दशकाचा शेवट म्हणजे जपानमध्ये जमिनीच्या किमती वेड्यासारख्या वाढल्याचा काळ, ड्रीम कंपनीकडे ओसाकामध्ये मोक्याच्या जागा, त्यामुळे शेअर बाजारातल्या शिकाऱ्यांचं लक्ष गेलं. शेवटी दाइएइ नावाची सुपरमार्केटची प्रचंड मोठी साखळी मध्ये पडली आणि 1993 मध्ये कंपनी तिच्यात विलीन झाली. आता सुपरमार्केटवाल्याला राजवाड्याचं काय प्रेम? त्याला जागा दिसते, टर्नओव्हर दिसतो. त्यातच जमिनीचा फुगा फुटलेला, आणि दाइएइ स्वतःच कर्जात इतकी रुतली की 2004 मध्ये सरकारी पुनर्रचना संस्थेच्या दारात गेली. कर्जात बुडालेल्या मालकाकडे असलेलं म्हातारं पार्क, यापेक्षा वाईट जोडी शोधून सापडणार नाही.

दरम्यान स्पर्धाही वाढली होती. 1987 मध्ये सरकारने रिसॉर्ट कायदा आणला, गावोगावी करमणुकीचे प्रकल्प काढा, सवलती देतो, आणि मग जपानभर पार्कांचं पेवच फुटलं, कुठे डच गाव, कुठे अंतराळाची थीम, कुठे छप्पर असलेला समुद्रकिनारा. यातली बरीचशी पुढे गटांगळ्या खाताना दिसली, तो वेगळा विषय. सांगायचा मुद्दा एवढाच की 1961 ला जो एकटा होता तो 1990 ला गर्दीतला एक झाला. आणि गर्दी कशासाठी, तर कमी होत चाललेल्या मुलांसाठी. 1973 मध्ये जपानमध्ये जवळपास 21 लाख मुलं जन्मली होती, 2005 मध्ये साडेदहा लाखांच्या थोडी वर. गिऱ्हाईकच निम्मं.

नाऱ्यावाल्यांनी हातपाय हलवलेच नाहीत असं मात्र नाही. 1998 मध्ये त्यांनी आस्का नावाचा मोठा लाकडी रोलरकोस्टर उभा केला, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या प्रसिद्ध सायक्लोनच्या धर्तीवर. म्हणजे परत नक्कलच, पण कोस्टरप्रेमी लोक त्याचं कौतुक करायचे. अडचण अशी की बाकी पार्क साठ सालचं आणि मध्येच एक नवी राइड. टोकियोमध्ये बघा, 1987 ला नवीन डोंगरगाडी, 1989 ला अंतराळाची सिम्युलेटर राइड, 1992 ला पाण्यात कोसळणारी गाडी, सतत काहीतरी चालूच. एका बाजूने दर दोन-तीन वर्षांनी नवीन आणि दुसऱ्या बाजूने कित्येक वर्षांत एक आस्का, तर आस्का कितीही भारी असून काय उपयोग.

आणि मग 2001. 31 मार्चला ओसाकामध्ये युनिव्हर्सल स्टुडिओज जपान हे हॉलिवूड सिनेमांवरचं पार्क सुरू झालं, आणि सप्टेंबरमध्ये टोकियो डिस्नेने शेजारीच दुसरं पार्क, डिस्नेसी, उघडलं. टोकियोने नाऱ्याची इज्जत घेतली होती, ओसाकाने रोजचं गिऱ्हाईक घेतलं. नारा ते ओसाका अंतर तीसेक किलोमीटर, लोकलने तासाभराच्या आत. ज्या कॅचमेंटवर ड्रीमलँड चाळीस वर्षं जगलं त्याच्या अगदी मधोमध हॉलिवूड येऊन बसलं. युनिव्हर्सलला पहिल्या वर्षी 1 कोटी 10 लाख लोक आले. योकोहामाच्या ड्रीमलँडने 2002 च्या फेब्रुवारीत मान टाकली. नाऱ्याने अजून चार वर्षं काढली, येणारे लोक चार लाखांच्या आसपास उतरले, वर जे 16, 8, 4 चं गणित मांडलं ना, त्यातली शेवटची पायरी.

या शेवटच्या काळात पार्कचं काय होतं ते सगळीकडे सारखंच असतं. पैसे नाहीत म्हणून आधी खाण्याचे स्टॉल बंद करायचे, मग दोन राइड्स मेंटेनन्सच्या नावाखाली बंद, मग रंग लांबणीवर, मग स्टाफ कमी. प्रत्येक कपात कागदावर बरोबर दिसते. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला अर्ध्या राइड्स बंद दिसतात, तो घरी जाऊन सांगतो जाऊ नका, पुढच्या वर्षी अजून लोक कमी, परत कपात. या चक्रातून बाहेर पडायला एकदम मोठी रक्कम घालावी लागते आणि ती घालणारा नवा मालक लागतो. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं उदाहरण याच ठिकाणी आठवतं, 2013 ला सुरू झालं, उभारणीचा खर्च दीड हजार कोटींच्या वर, त्यातलं बरंच कर्ज, मग व्याजाचं ओझं, 28 टक्के जीएसटीचे महिने, कोविडचं टाळं, आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी ग्रुपने पैसे घालून, बँकांनी कर्जावर पाणी सोडून, ते परत उभं केलं. तिथे एक गोष्ट जमेची होती, पार्क वयाने कोवळं होतं, राइड्स चांगल्या होत्या, आजार फक्त कर्जाचा होता. मुंबई-पुणे दोन्ही शहरं कॅचमेंटमध्ये. नाऱ्याला कर्ज असलेला मालक, म्हातारी मशिनरी, आणि दारात बलाढ्य शेजारी असे तिन्ही आजार एकदम होते, तिथे कोण पैसे घालणार?

31 ऑगस्ट 2006 ला, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, नारा ड्रीमलँड बंद झालं.

इथून पुढची दहा वर्षं व्हिडिओवाल्यांची. रात्री कुंपणावरून उड्या मारून देशोदेशीचे लोक आत शिरायचे, फोटो काढायचे, सिक्युरिटी गार्डने पकडलं तर दंडाची भीती. पण मला त्यांच्यापेक्षा वेगळाच प्रश्न पडतो, की जपानसारख्या देशात जिथे सपाट जमीन सोन्याच्या भावाने जाते तिथे एवढी मोठी जागा दहा वर्षं कोणी घेतली का नाही? उत्तर परत कायद्यात आहे. 1966 मध्ये जपानने जुन्या राजधान्यांचं सौंदर्य जपायचा कायदा केला, नारा, क्योटो, कामाकुरा यांच्या ऐतिहासिक परिसरात वाटेल तसं बांधकाम चालणार नाही. त्यानंतर 1968 च्या नगररचना कायद्याने शहर जिथे पसरू द्यायचं नाही अशा जागा वेगळ्या काढल्या. पार्क झालं होतं 1961 ला, दोन्ही कायद्यांच्या आधी. म्हणजे जे उभं होतं ते चालू ठेवायला हरकत नव्हती, पण एकदा पाडलं की त्या जागी मॉल, टॉवर, सोसायटी काढायची तर परवानग्यांचा डोंगर. जागा मोठी, उपयोग छोटा. शिवाय पाडायचा खर्च आहेच, राजवाडा, डोंगर, लोखंडी आणि लाकडी कोस्टर, सगळं उचलून न्यायचं म्हणजे चेष्टा नाही.

मालकाकडून प्रॉपर्टी टॅक्स थकला तेव्हा नारा महापालिकेने जागा जप्त करून लिलावात काढली. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये एकच बोली आली, ओसाकाच्या एसके हाउसिंग नावाच्या रिअल इस्टेट कंपनीची, 73 कोटी येन, तेव्हाच्या भावाने आपले 40 कोटी रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशात मुंबईत समुद्राकडे तोंड असलेला एखादा मोठा फ्लॅट येतो, तिथे आख्खं पार्क गेलं, राजवाड्यासकट. ऑक्टोबर 2016 मध्ये तोडफोड सुरू झाली आणि 2017 च्या डिसेंबरपर्यंत टेकडी मोकळी झाली.

जागेचा कायदा किती फरक पाडतो ते बघायचं तर धाकट्या भावाकडे बघा. योकोहामाचं ड्रीमलँड नाऱ्याच्या आधी चार वर्षं बंद झालं, तिथे अशी ऐतिहासिक बंधनं नव्हती, त्यामुळे जागेचा निकाल पटकन लागला. काही भागात सार्वजनिक बाग आणि बेसबॉलचं मैदान झालं, काही भागात 2006 मध्ये, म्हणजे नाऱ्याला टाळं लागलं त्याच वर्षी, योकोहामा फार्मसी युनिव्हर्सिटी सुरू झाली. पार्कच्या आवारात पॅगोड्यासारखं दिसणारं 21 मजल्यांचं हॉटेल एम्पायर होतं. ते पाडलं नाही, युनिव्हर्सिटीने तीच बिल्डिंग ठेवली आणि आत लायब्ररी केली.